चार तास, पण कुठल्या खोलीत?

काढून ठेवलेलं आईचं दूध घरात किती वेळ चांगलं राहतं? हा प्रश्न कुठेही शोधा, उत्तर साधारण एकाच साच्यातलं मिळतं. खोलीच्या तापमानाला चार तास, फ्रीजमध्ये चार दिवस, फ्रीजरमध्ये सहा महिने. लक्षात ठेवायला सोपं. पण आपल्याकडे हेच विचारलं तर कुणी 'सहा ते आठ तास बाहेर राहतं' म्हणतं, तर कुणी 'काढलं की लगेच पाजा, ठेवूच नका' म्हणतं. तिन्ही सल्ले एकाच बाईला एकाच आठवड्यात मिळू शकतात.

आज मी या आकड्यांचं परीक्षण करणार आहे. तुमच्यापैकी बरेच जण पेट किंवा सेटची तयारी करताय. मुलाखतीत 'हा पेपर वाचा आणि त्यावर टीका करा' असं सांगितलं की आपण बहुतेक वेळा 'सॅम्पल साइझ लहान आहे' म्हणतो आणि थांबतो. टीका म्हणजे तेवढंच नसतं. एखादा आकडा कुठून निघाला, कुठल्या अटींसकट निघाला आणि वाटेत त्यातल्या कुठल्या अटी गळल्या, हे शोधणं म्हणजे टीका. त्यासाठी दुधाचं हे कोष्टक फार चांगलं उदाहरण आहे. शिवाय याचं उत्तर चुकलं तर परिणाम भोगणारं माणूस चार-पाच किलोचं असतं, म्हणून विषय फक्त अभ्यासापुरता नाही.

आकडे सांगतं कोण?

चार तास, चार दिवस, सहा महिने हे कोष्टक मुख्यतः अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेमुळे सगळीकडे पोचलं. मूळ कोष्टकात तापमानं दिलेली आहेत. ताजं दूध खोलीत २५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानाला ४ तासांपर्यंत. फ्रीजमध्ये ४ अंशांना ४ दिवसांपर्यंत. फ्रीजरमध्ये उणे १८ अंश किंवा त्याखाली साधारण ६ महिने उत्तम, १२ महिने चालेल.

दुसरा मोठा दस्तऐवज अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या डॉक्टरांच्या संघटनेचा. त्यांचा आठव्या क्रमांकाचा प्रोटोकॉल २०१७ मध्ये सुधारून आला. त्यात खोलीचं तापमान १६ ते २९ अंश धरलंय. ४ तास उत्तम, आणि अगदी स्वच्छतेने काढलेलं दूध असेल तर ६ ते ८ तास चालेल असं म्हटलंय. फ्रीजमध्ये ४ दिवस उत्तम, अतिशय स्वच्छ परिस्थितीत ५ ते ८ दिवस. आणि २७ ते ३२ अंशांच्या खोलीसाठी ४ तास ही वाजवी मर्यादा असू शकेल, असं सावध वाक्य आहे.

आता दोन्ही शेजारी ठेवून बघा. आकडे जवळपास सारखे, पण अटी वेगळ्या. एक म्हणतं २५ पर्यंत, दुसरं म्हणतं २९ पर्यंत. एक 'अतिशय स्वच्छ' ही वेगळी पायरी ठेवतं, दुसरं ठेवत नाही. आपल्या फोनवर फॉरवर्ड होऊन येणाऱ्या चित्रात मात्र तापमानही नसतं आणि स्वच्छताही नसते. उरतं फक्त 'रूम टेंपरेचर: ४ तास'. आपल्याकडचे 'सहा ते आठ तास' याच प्रवासात सुटे झालेले आकडे वाटतात. 'अतिशय स्वच्छ' ही अट काढली की राहतात तेच.

पंचवीस अंशांच्या मागे काय आहे?

या विषयावर सतत उद्धृत होणारा एक पेपर १९९६ चा आहे. मार्गिट हामोश आणि सहकाऱ्यांचा, 'पेडियाट्रिक्स' या नियतकालिकातला. हामोश अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठात काम करत. त्यांचा प्रश्न नोकरी करणाऱ्या आईचा होता. कामाच्या ठिकाणी काढलेलं दूध घरी नेईपर्यंत त्यात काय बदल होतात? १६ निरोगी स्त्रियांचं दूध घेऊन ते १५, २५ आणि ३८ अंशांना २४ तासांपर्यंत ठेवलं आणि तीन गोष्टी मोजल्या: प्रथिनं किती तुटतात, स्निग्ध पदार्थ किती तुटतात, आणि जिवाणू किती वाढतात.

निष्कर्ष असे. १५ अंशांना जिवाणूंची वाढ अगदी कमी. २५ अंशांना पहिले ४ ते ८ तास कमीच. ३८ अंशांना मात्र ४ तासांच्या आतच वेगाने वाढ. वाढलेले जिवाणू मुख्यतः रोग न करणारे होते. स्निग्धांचं विघटन पहिल्या काही तासांतच सुरू झालं. लेखकांनी शिफारस केली: १५ अंशांना २४ तास, २५ अंशांना ४ तास, आणि ३८ अंशांना ठेवूच नका.

पेपरची ताकद आधी बघू. टीका करणाऱ्याने हे करायलाच हवं. एकच दूध वेगवेगळ्या तापमानांना ठेवल्यामुळे आईआईमधला फरक आड येत नाही, म्हणून १६ जणींतूनही तापमानाचा परिणाम स्पष्ट दिसतो. इथे 'सॅम्पल लहान' म्हणून पेपर बाजूला सारणं चूक. तापमान वाढलं की वाढ वेगाने होते हे सांगायला १६ पुरेसे आहेत. पण जगभरातल्या सगळ्या घरांत ४ तास सुरक्षित आहेत हे सांगायला ते पुरत नाहीत, आणि लेखकांनी तसा दावा केलेलाही नाही. तो दावा कोष्टकाने केला.

आता मला खटकणारी जागा सांगते. १५, २५, ३८. पंचविसानंतर एकदम अडतीस. मधल्या १३ अंशांत काय होतं, हे या प्रयोगात मोजलेलंच नाही. आणि कोकणातलं जवळपास सगळं वर्ष त्या तेरा अंशांतच जातं.

पेण-रोह्याची खोली

पेण किंवा रोह्यात राहणाऱ्यांना हे सांगायला नको. जानेवारीतल्या काही रात्री सोडल्या तर घरात पारा पंचविसाच्या खाली क्वचित येतो. पावसाळ्यात २७-२९ आणि भिंतींना ओल. एप्रिल-मेमध्ये दुपारी पत्र्याच्या छपराखाली ३३-३४ सहज, कधी त्याहून जास्त. रोह्याच्या पलीकडच्या भिरा इथे मार्च २०१७ च्या शेवटी ४६.५ अंशांची नोंद झाल्याच्या बातम्या देशभर गाजल्या होत्या. ती टोकाची नोंद बाजूला ठेवली तरी आपली 'खोली' आणि सीडीसीची 'खोली' एक नाही, एवढं नक्की.

आणि दूध काढून ठेवायची गरज इथे कुणाला पडते? रोह्याहून पेण, पनवेल, दिव्याकडे गाडीने कामाला जाणाऱ्या बायका आहेत. धाटाव एमआयडीसीतल्या कंपन्यांत काम करणाऱ्या आहेत. हमरापूर-जोहे भागातल्या गणपतीच्या कारखान्यांत रंगकाम, आखणी करणाऱ्या आहेत, आणि त्यांचा हंगाम उन्हाळ्यापासून चतुर्थीपर्यंत चढत जातो. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर सक्तीचं झालं. पण घराच्या पडवीत चालणाऱ्या कारखान्यातल्या बाईला याचा फारसा उपयोग नाही. तिच्याकडे सासू किंवा आई आहे, एक स्टीलचं भांडं आहे आणि 'सहा तास राहतं' असा सल्ला आहे. २५ अंशांवर बेतलेला आकडा तिच्या मेमधल्या दुपारी कितपत लागू पडतो, हा खरा प्रश्न.

एक ढोबळ गणित

मोजलेला डेटा नसेल तेव्हा मॉडेल वापरून अंदाज करतात. अन्न-सूक्ष्मजीवशास्त्रात रॅटकोव्स्की आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये मांडलेलं एक साधं मॉडेल आहे. जिवाणूंच्या वाढीच्या दराचं वर्गमूळ हे तापमानाशी सरळ रेषेत वाढतं. म्हणजे दर हा (तापमान − किमान तापमान) याच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. शरीराच्या आसपासच्या तापमानाला वाढणाऱ्या जिवाणूंसाठी किमान तापमान ढोबळमानाने ५ अंश धरू.

२५ अंशांना: (२५ − ५) चा वर्ग म्हणजे ४००. हा आपला पाया.
२९ अंशांना: २४ चा वर्ग ५७६. म्हणजे १.४४ पट वेग.
३३ अंशांना: २८ चा वर्ग ७८४. जवळपास दुप्पट.
३८ अंशांना: ३३ चा वर्ग १०८९. सुमारे २.७ पट.

२५ अंशांना ४ तासांत जेवढी वाढ, तेवढीच ३३ अंशांना साधारण दोन तासांत आणि ३८ ला दीड तासात. हामोश यांना ३८ अंशांना ४ तासांच्या आत वेगाने वाढ दिसली होती, त्याच्याशी दिशा जुळते.

पण इथे थांबून स्वतःच्या गणितावरही तीच टीका करा. हे मॉडेल वाढ सुरू झाल्यानंतरचा वेग सांगतं. आईच्या दुधात लॅक्टोफेरिन, लायसोझाइम, प्रतिपिंडं आणि जिवंत पांढऱ्या पेशी असतात. स्निग्धांचं विघटन होऊन सुटणारी आम्लंही काही जिवाणूंना मारतात. म्हणून ताज्या दुधात सुरुवातीचा काही काळ वाढ रोखली जाते, आणि हा काळ मॉडेलमध्ये नाही. अकॅडमीचा प्रोटोकॉल २७-३२ अंशांनाही ४ तास 'वाजवी' म्हणतो, त्याचं कारण इथे असू शकतं. शिवाय 'चार तास' ही काही कड्याची धार नाही, की तीन तास एकोणसाठ मिनिटांना दूध चांगलं आणि दोन मिनिटांनी विष. तो सावधगिरीने निवडलेला आकडा आहे.

मग गणिताचा उपयोग काय? एवढाच, की पारा तिशीच्या वर असताना 'सहा ते आठ तास' म्हणणं कुठल्याच बाजूने टिकत नाही. प्रयोग ते म्हणत नाही, प्रोटोकॉल म्हणत नाही आणि मॉडेलही म्हणत नाही.

माठाचा उपाय

फ्रीज नसेल तर दुधाचं भांडं माठाजवळ ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, असा सल्ला बऱ्याचदा दिला जातो. सल्ला अजिबात अशास्त्रीय नाही. पाणी वाफ होताना उष्णता घेतं आणि भांडं थंड होतं. पण किती थंड होणार याला मर्यादा आहे: हवेचं ओल्या फडक्याचं तापमान, म्हणजे ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर जे दाखवेल ते. त्याच्या खाली माठ जाऊ शकत नाही.

अकोल्यात मेमध्ये ४२ अंश आणि हवेत आर्द्रता १५ टक्के असेल, तर ही मर्यादा साधारण २२ अंश येते. म्हणजे वीस अंशांचा फरक मिळू शकतो! रोह्यात ३४ अंश आणि आर्द्रता ६५ टक्के असेल तर तीच मर्यादा साडेअठ्ठावीसच्या आसपास. प्रत्यक्षात भांडं त्याहून एखाद-दोन अंश वरच राहणार. म्हणजे कोरड्या विदर्भात जो उपाय दुधाला सीडीसीच्या २५ अंशांच्या आत आणू शकतो, तोच दमट कोकणात आणू शकत नाही. काहीच नसण्यापेक्षा ओलं फडकं बरं, पण त्याच्या भरवशावर तास वाढवायचे नाहीत. एकाच राज्यात, एकाच भाषेत दिलेला सल्ला सह्याद्री ओलांडला की बदलतो, हे संशोधकाने लक्षात ठेवण्यासारखं आहे.

फ्रीजचे चार दिवस

फ्रीजच्या आकड्यामागचा एक महत्त्वाचा अभ्यास २०१० चा, स्लुत्झा आणि सहकाऱ्यांचा. नवजात अतिदक्षता विभागातल्या बाळांच्या संदर्भात त्यांनी ताज्या दुधाचे ३६ नमुने ४ अंशांना ९६ तास ठेवले. आम्लता थोडी वाढली, पांढऱ्या पेशी आणि प्रथिनं थोडी कमी झाली, सुटी स्निग्धाम्लं वाढली. लॅक्टोफेरिन आणि स्निग्धांचं एकूण प्रमाण यांत लक्षणीय फरक नाही. आणि काही जिवाणूंची संख्या चक्क घटली. निष्कर्ष: ९६ तासांपर्यंत ठेवायला हरकत नाही. ९६ तास म्हणजे चार दिवस.

चांगला अभ्यास आहे, पण त्यातले ४ अंश खरोखरचे ४ अंश होते. आपल्या घरातला एका दाराचा फ्रीज दिवसातून पन्नासदा उघडतो, त्यात गरम आमटीचं पातेलं जातं, आणि मधल्या खणात किती अंश आहेत हे आपण कधीच मोजलेलं नसतं. वरचंच मॉडेल लावून बघा. १० अंशांना (१० − ५) चा वर्ग २५, म्हणजे पंचवीस अंशांच्या वेगाचा सोळावा भाग. चार तास गुणिले सोळा म्हणजे ६४ तास. तीन दिवससुद्धा नाहीत. शिवाय थंडीतही वाढणारे काही जिवाणू असतात, त्यांना आपलं ५ अंशांचं किमान तापमान लागू नाही. म्हणून फ्रीज नीट थंड होतोय याची खात्री नसेल तर दूध एक-दोन दिवसांत संपवणं शहाणपणाचं.

एका दाराच्या फ्रीजमध्ये आणखी एक अडचण. वरचा बर्फाचा कप्पा म्हणजे उणे १८ अंशांचा फ्रीजर नव्हे. बर्फ साचला की आपण डीफ्रॉस्टचं बटण दाबतो आणि आतलं सगळं वितळतं. सहा महिन्यांचा आकडा वेगळ्या दाराच्या खऱ्या फ्रीजरसाठी आहे. तो या कप्प्याला लावू नये.

लाईट गेली तर

कोष्टकात न दिसणारा चौथा रकाना विजेचा आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा जिल्ह्याच्या बऱ्याच भागांत कित्येक दिवस वीज नव्हती. तेवढं टोकाचं रोज होत नाही, पण पावसाळ्यात दोन-चार तास लाईट जाणं आपल्याला नवं नाही.

यासाठीचे नियम आहेत, फक्त ते दुधाच्या कोष्टकात नसतात, आपत्तीच्या पानावर असतात. दार बंद ठेवलं तर फ्रीज साधारण ४ तास थंड राहतो. पूर्ण भरलेला फ्रीजर न उघडता ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास. अर्धवट वितळलेल्या दुधात बर्फाचे कण दिसत असतील तर ते परत गोठवता येतं. पूर्ण वितळलं पण अजून थंड असेल तर फ्रीजमध्ये ठेवून एका दिवसात वापरायचं. फ्रीजरमध्ये रिकामी जागा असेल तर पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवणं हा सोपा उपाय. त्याने गारवा जास्त टिकतो.

तुलना कशाशी करायची?

माझ्या मते सगळ्यात मोठी उणीव इथे आहे. हे सगळे अभ्यास प्रयोगशाळेत जिवाणू मोजतात. पण आईला हवं असलेलं उत्तर 'किती जिवाणू' हे नसतं, 'बाळाला त्रास होईल का' हे असतं. जिवाणूंची संख्या हे आजाराऐवजी मोजलेलं जवळचं काहीतरी आहे. ते उपयोगी आहे, पण तेच आजार नव्हे.

आणि धोका नेहमी दुसऱ्या पर्यायाशी तोलायचा असतो. दूध ओतून दिलं तर बाळ त्या वेळी काय पिणार? वरचं दूध किंवा पावडर. पावडरचं दूध निर्जंतुक नसतं. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना ते निदान ७० अंश गरम पाण्यात कालवायला आणि खोलीत दोन तासांनंतर टाकून द्यायला सांगते. त्यात आईच्या दुधातली संरक्षक द्रव्यं नाहीत, वर पाण्याची आणि बाटलीची भर. म्हणून 'शंका आली की फेका' हा सल्ला वरवर सुरक्षित वाटतो, पण फेकल्यानंतर काय पाजलं जातं हे त्यात धरलेलं नसतं. याच कारणाने मला 'ठेवूच नका' हा सल्लाही तितकाच अडचणीचा वाटतो. तो ऐकून कामाला जाणारी बाई दूध काढणंच थांबवते, मग दूध कमी होतं, आणि पावडर कायमची येते.

एक गल्लत मात्र टाळा. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये आशियातली पहिली दूधपेढी सुरू झाली. तिथलं दूध दुसऱ्या आईकडून येतं, आणि मुख्यतः अपुऱ्या दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांना जातं. दूधपेढ्यांत असं दूध ६२.५ अंशांना अर्धा तास तापवून, तपासून, गोठवून ठेवतात. ते नियम घरच्या निरोगी बाळाला लावायची गरज नाही, आणि घरचे नियम त्या बाळांना लावू नयेत. तुमच्या ओळखीतलं बाळ दिवस भरायच्या आधी जन्मलेलं किंवा आजारी असेल, तर इथलं काहीही वापरू नका. त्याच्या डॉक्टरांचं ऐका.

मग पेण-रोह्यातल्या घरात काय सांगायचं?

टीका करून मोकळं होणं सोपं आहे. सगळं वाचून मी शेजारणीला काय सांगेन, ते लिहिते.

पहिलं, हात साबणाने धुवा. भांडं झाकणाचं असू द्या, धुऊन, उकळून, कोरडं केलेलं. सुरुवातीला जिवाणू कमी असतील तर पुढचे सगळे आकडे तुमच्या बाजूने झुकतात.

दुसरं, दूध काढल्यावर घड्याळ लावायच्या आधी गारवा शोधा. फ्रीज असेल तर लगेच आत, मधल्या खणात मागच्या बाजूला. दारात नको. गाडीने येताना बर्फाच्या पिशव्या घातलेला जाड डबा असेल तर २४ तासांपर्यंत चालतं.

तिसरं, बाहेर ठेवावंच लागलं तर पारा बघा. २५ च्या आसपास असेल तर ४ तास. पावसाळ्यातल्या २८-२९ ला ४ तास ही शेवटची हद्द समजा. तिशीच्या वर गेला तर तासा-दोन तासांत पाजा. हा शेवटचा आकडा कुठल्या कोष्टकातला नाही, वर केलेल्या गणितातून मी सावधपणे काढलेला आहे.

चौथं, ६० ते १२० मिलीलीटरचे छोटे वाटे करा, म्हणजे उरून वाया जात नाही. वर तारीख-वेळ लिहा. कोमट दूध आधीच्या थंड दुधात ओतू नका, आधी गार करा.

पाचवं, म्हशीच्या दुधासारखं हे दूध गॅसवर उकळून ठेवायचं नाही. उकळलं की त्यातली संरक्षक द्रव्यं जातात. कोमट पाण्याच्या वाटग्यात भांडं धरा, तेवढं पुरे. मायक्रोवेव्ह नको, कुठे गार कुठे कढत राहतं. फ्रीजमध्ये वितळवलेलं दूध २४ तासांत, कोमट केलेलं २ तासांत, आणि बाळाने तोंड लावलेलं उरलं तर तेही पिऊन झाल्यापासून २ तासांत संपवा. वितळलेलं परत गोठवू नका. वाटी-चमचा किंवा बोंडलं असेल तर बाटलीची गरज नाही.

सहावं, वर सायीसारखा थर आला म्हणजे नासलं असं नाही, हलवलं की मिसळतं. साबणासारखा वास आला तर तो बहुतेक वेळा लायपेज या विकराचा असतो. आंबट, नासका वास आला तर मात्र टाका.

तुमच्यासाठी काम

हे वाचून संपल्यावर एक करून बघा. साधा थर्मामीटर घ्या, पेलाभर पाण्यात ठेवा, आणि तो पेला रात्रभर तुमच्या फ्रीजच्या मधल्या खणात ठेवा. सकाळी दार उघडल्याबरोबर वाचा. मग दुपारी स्वयंपाकघरात ओट्यावर तोच थर्मामीटर ठेवून वाचा. दोन्ही आकडे आठवडाभर लिहा. त्यात एकदा तरी लाईट गेलेली असेल तर आणखी चांगलं.

एवढ्यानेही 'खोलीचं तापमान' हे शब्द तुमच्या घरात नेमके किती अंश होतात ते कळेल. आणि पुढच्या वेळी कुठल्याही पेपरमध्ये 'रूम टेंपरेचर' वाचलंत, तर आधी मेथड्सच्या भागात जाऊन तो अंशांचा आकडा शोधा. सापडला नाही, तर तुमच्या टीकेचा पहिला मुद्दा तोच.